झोपणाऱ्याची खिडकी

गल्लीतली माणसं त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणायची आणि पाठ वळली की सूतभर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूडकाम करणाऱ्या सगळ्यांनाच तो ठाऊक असतो, पण त्याच्यापायी स्वतःची आणि दुसऱ्याची झोप उडवणारा माणूस विरळा. गिऱ्हाईक दाराला रंग देऊन, घंटी बसवून मोकळं झालेलं असायचं आणि हे महाशय उंबऱ्यात उभे राहून डोळा बारीक करायचे. "वरच्या कोपऱ्यात सूतभर फाकलंय. उतरवावं लागेल." गिऱ्हाईक हात जोडायचं, विनवण्या करायचं. दार उतरायचंच.

वय बासष्ट. हा माणूस दमतो अशी गेल्या वर्षापर्यंत कुणाला शंकाही आली नव्हती, त्यांना स्वतःला तर नाहीच. आता मात्र घरच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर ते थांबायचे. पायऱ्या एकूण चौदा. थांबलोय असं दिसू नये म्हणून भिंत तपासल्यासारखं करायचे, नखानं पोपडा काढायचे आणि मग पुढं चढायचे. त्या जागी आता काढायला पोपडाच उरला नव्हता.

वरच्या खोलीत बायको होती. तिला गल्ली कोशबाई म्हणायची, आणि हे नाव तोंडावरही चालायचं. तीस वर्षं ती एका छापखान्यात शब्दकोशाची प्रुफं तपासत होती. तिच्या वाट्याला व्युत्पत्तीचा रकाना आलेला. लॅटिनचं एक धड वाक्य तिला बोलता येत नव्हतं, पण शब्द शेकड्यांनी ठाऊक होते. कोण कुठून निघाला, वाटेत कुणाच्या घरी राहिला, येताना काय हरवून आला, हे ती नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगायची.

मग तिच्या मणक्यांनी संप पुकारला. आधी काठी, मग खुर्ची, मग अंथरूण. हे असं का झालं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "मूळ अनिश्चित," ती म्हणाली. "कोशात असं छापलं की पुढं कुणी विचारत नाही." डॉक्टरांना यावर हसावं की नाही ते कळलं नाही. त्यांनी छातीला नळी लावली आणि दुसरीच तक्रार काढली. खालच्या मजल्यावर मिस्त्रींचा कारखाना, त्याला लागूनच यांची राहायची खोली, आणि भिंतीच्या फटींतून येणारा भुसा तिच्या फुप्फुसात बसत होता. तिला वर हलवायला हवं होतं.

वर न्या, डॉक्टर मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाले, पण परत खाली आणण्याचा विचार करू नका. दोन महिने. फार तर तीन.

मिस्त्री आणि मेव्हणी, दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट वर चढवलं. मेव्हणी लाँड्रीत कामाला होती, हातांत ताकद आणि जिभेला धार. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बहिणीला अंघोळ घालायला यायची. वरची खोली म्हणजे तिरक्या छपराखालची रिकामी जागा, इतके दिवस तिथं फळ्या आणि जुन्या चौकटी पडलेल्या. उजेडापुरतं एक काचेचं कौल. चाळीस वर्षं गावभर लोकांच्या छपरांना खिडक्या लावल्या, आणि स्वतःच्या छपराला एक भोक पाडायला मिस्त्रींना सवड झाली नव्हती.

"आता एक खिडकी करा," ती म्हणाली. "मला बाकी काही नको. रस्ता दिसू दे. तीस वर्षं याच रस्त्यानं नऊला गेले आणि सहाला आले. आणि संध्याकाळी तुम्ही त्या वळणावर दिसलात, की चहाचं पाणी टाकलंय, डबा उघडलाय, असं मनातल्या मनात का होईना, करता येईल मला."

"करतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना खरं तर खाली बसायचं होतं.

त्याच आठवड्यात एका आर्किटेक्टचं काम आलं होतं. त्याचा नकाशा मिस्त्रींनी वर आणून टेबलावर पसरला. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत विचारलं, "बाण काढून काय लिहिलंय तिथं?"

"डॉर्मर. आम्ही टोपीखिडकी म्हणतो. छपरातनं डोकं बाहेर काढते आणि वर स्वतःची छोटी टोपी घालते. तुझी अशीच होणार."

"बघू."

तिला दाखवायचं म्हणजे तो भला मोठा कागद दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर धरून उभं राहायला लागायचं. ती सावकाश वाचायची, जुनी सवय, प्रत्येक अक्षरावरून नजर जायची. मिस्त्रींचे खांदे भरून आले.

"दोर्मीरे," ती शेवटी म्हणाली. "लॅटिन. म्हणजे झोपणे. त्यावरून झोपायच्या खोलीला शब्द झाला, तो फ्रेंचांकडे जाऊन राहिला, आणि येताना खोली मागं ठेवून नुसती खिडकी घेऊन आला. साध्या खिडकीला लॅटिनमध्ये फेनेस्त्रा म्हणतात. तिचं मूळ अनिश्चित. पण ही चांगल्या घरची आहे, हिचं सगळं गोत्र ठाऊक आहे. आपली निद्रा हिची लांबची चुलत बहीण लागते."

"झोपणाऱ्याला काय करायचीय खिडकी?" मिस्त्री कागद खाली घेत म्हणाले. "त्याचे डोळे मिटलेले."

"झोपणारा म्हणजे आडवा पडलेला. कोशात एवढंच दिलंय, झोपायच्या खोलीची खिडकी. मी आपलं माझ्या मनात असं धरते, की आडव्या माणसाला बघायला ठेवलेली ती."

"असेल," मिस्त्री म्हणाले. एव्हाना ते कौलं किती लागतील याचा हिशोब करत होते. बायकोचं बोलणं ऐकत ऐकत दुसरा विचार करायची कला त्यांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच साधली होती.

खिडकीला तीन आठवडे लागले. दिवसा आर्किटेक्टचं काम, त्याआधी पहाटे आणि रविवारी पूर्ण दिवस हे. मधल्या वेळेत तिला कुशीवर वळवणं, भांडं देणं, चादर बदलणं, औषधाच्या वेळा. हाताखाली कुणी नव्हतं. जुना जोडीदार गुडघ्यांमुळे घरी बसलेला. मिस्त्री छपरावर एकटे चढायचे, एकटेच उतरायचे, एकेक वासा खांद्यावरून न्यायचे. चौकट उभी राहिली त्याच दिवसांत त्यांचा दाढीचा आरसा हरवला. मोरीच्या खिळ्याला टांगलेला, तळहाताएवढा गोल आरसा. शोधायला त्राण नव्हतं, मग ते नळाच्या चकचकीत तोटीत बघून दाढी करायचे आणि हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून कामावर जायचे.

त्यांच्या हाताला एक सवय होती. खिडकीची खालची पट्टी किती उंचीवर घ्यायची, हे ते मोजत नसत. ताठ उभे राहायचे, कोपर अंगाशी घ्यायचे आणि कोपराच्या खाली चार बोटांवर पेन्सिलीनं रेघ मारायचे. मागाहून टेप लावली तर बरोबर तीन फूट. गावातल्या बहुतेक खिडक्या या माणसाच्या कोपराखाली चार बोटांवर बसलेल्या आहेत, आणि कुणाची तक्रार नाही. कारण माणूस खिडकीशी येतो, उभा राहतो, वाकून बघतो. खिडकीचा तोच उपयोग.

इथंही ते तसेच उभे राहिले. कोपर अंगाशी घेतलं. रेघ मारली.

शेवटच्या रविवारी दुपारी काचा बसल्या. मिस्त्रींनी पाणसळ लावली, ओळंबा सोडला, गुण्या चारही कोपऱ्यांत घातला. कुठं सूतभरही फरक नव्हता. मग तिची खाट ओढून खिडकीला समांतर लावली, खिडकीखालच्या बुटक्या भिंतीशी, आणि हात पुसत विचारलं, "कशी आहे?"

ती बराच वेळ बघत होती. मग मिस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं. हनुवटीवर दोन कपटे, डोळ्यांखाली काळं, पापणीवर भुसा.

"सुंदर झालीय," ती म्हणाली. "उजेड किती आला."

मिस्त्री त्या दिवशी दुपारी चारला झोपले ते सहाला उठले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळचा एक नेम झाला. मिस्त्री कामावरून यायचे, चौदा पायऱ्या चढायचे, खिडकीशी स्टूल घेऊन बसायचे, आणि ती विचारायची, "आज कोण कोण चाललंय?"

"नेहमीचेच."

"नेहमीचे म्हणजे कोण?"

"शिंपी. पोस्टमन. ती कुत्रेवाली बाई."

"कुत्रं लंगडायचं थांबलं का?"

मिस्त्रींना काय माहीत. वाकून बघायचे, सांगायचे. पहिले चार-पाच दिवस हे गोड वाटलं. पुढं पुढं मात्र त्यांना वाटायला लागलं, ही दिवसभर तर याच रस्त्याकडे तोंड करून पडलेली असते. मला कशाला बोलायला लावते? एका गुरुवारी आर्किटेक्टनं नकाशा बदलून आठ दिवसांचं काम पाण्यात घातलं होतं, डोकं ठणकत होतं, आणि तिनं विचारलं, "शिंप्यानं दुकान लवकर बंद केलं का हो आज?"

"एवढी खिडकी करून दिली ती कशाला?" मिस्त्री म्हणाले. "बघ की स्वतः."

"हो," ती म्हणाली. "बघते."

आवाजात राग नव्हता. असता तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं.

मंगळवारी मेव्हणी आली. अंघोळीसाठी बायकोला खुर्चीत घेतलं आणि तेवढ्यात मिस्त्रींनी गादी झाडायला काढली. उशी उचलली, तर खाली आरसा. त्यांचा, गोल, दाढीचा.

मिस्त्रींना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून त्यांनी ते आवरलं नाही. "वा," ते म्हणाले. "मी इथं तोटीत बघून स्वतःची सालं काढतोय आणि राणीसाहेब उशीखाली आरसा ठेवून नटतायत. कुणासाठी गं? शिंप्यासाठी?"

बायको ओल्या केसांनी खाली बघत राहिली. मेव्हणीनं टॉवेल पिळायचा थांबवला.

"भाऊजी, तो मी दिला तिला."

"का?"

"तुम्ही एक काम करा. त्या खाटेवर झोपा जरा."

"जाऊ दे गं," बायको म्हणाली.

"का जाऊ दे? तीन आठवडे जाऊच दिलंयस. झोपा भाऊजी. तिची उशी जिथं असते तिथं डोकं ठेवा. चपला काढा आधी."

मेव्हणी एरवीही त्यांच्यावर हुकूम सोडायची आणि मिस्त्री उलट काहीतरी चावट बोलून सुटका करून घ्यायचे. आज त्यांनी चपला काढल्या. ते खाटेवर आडवे झाले. पाठ टेकली तसा हाडांतून एक कढ गेला, आणि क्षणभर ते डोळे मिटूनच पडले. मग त्यांनी उघडले.

आभाळ. पांढरं, रिकामं आभाळ. त्यात एक तार आडवी गेलेली. कोपऱ्यात समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. बस. रस्ता नाही, वळण नाही, माणूस नाही. मिस्त्रींनी मान जरा उचलून बघितली. तार थोडी वर सरकली. आणखी उचलली, आणि ही तर तिला येत नाही उचलायला, हे आठवल्यावर परत टेकवली.

तीन फूट. कोपराखाली चार बोटं. सूत सूत करणारा माणूस दीड फुटानं चुकला होता, आणि चाळीस वर्षं ज्या सवयीवर मिशीला पीळ दिला तिनंच त्याला चुकवलं होतं.

त्यांनी पडल्या पडल्याच आरसा हातात घेतला आणि काचेकडे तोंड करून वर धरला. हात पूर्ण लांब केला, मनगट वाकवलं, तेव्हा कुठं आरशात रस्त्याचा एक तुकडा आला. शिंप्याच्या दुकानाची पाटी, उलटी. कुणाचे तरी पाय. हात थरथरला आणि सगळं निसटलं. त्यांचा, रंधा मारणारा हात थरथरला. तिचा तर कप धरतानाही थरथरायचा.

मिस्त्री उठून बसले. हातातला आरसा त्यांनी सदऱ्याला पुसला.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फार दमला होतात हो," ती म्हणाली.

एवढं साधं कारण. मिस्त्रींना वाटलं, तिनं बोल लावला असता, आदळआपट केली असती, तर आपण निदान उलट बोललो असतो. हे वाक्य घेऊन माणसानं कुठं जायचं?

पहिल्यांदा त्यांनी सोपी वाट धरून बघितली. खाट उंच करायची. चार ठोकळे कापून पायांखाली दिले. खाट वर गेली तशी तिरक्या छपराची फळी तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आली. तिनं दोन्ही हातांनी गादी गच्च धरली आणि डोळे मिटून घेतले. "पेटीत ठेवल्यासारखं वाटतंय," ती हळूच म्हणाली. मिस्त्रींनी त्याच मिनिटाला ठोकळे काढले आणि खाली नेऊन चुलीत घातले.

"मग आता?" मेव्हणीनं जिन्यात विचारलं. "टोपी उतरवणार?"

उतरवणं भाग होतं. छपरातल्या खिडकीची नुसती पट्टी खाली घेता येत नाही, पट्टीखाली कौलं असतात. खिडकी खाली आणायची तर सबंधच्या सबंध छपराच्या उताराबरोबर रस्त्याकडे सरकवावी लागते. म्हणजे काचा काढा, चौकट काढा, बाजूच्या भिंती काढा, टोपी काढा. वरचं भोक बुजवा, खाली नवीन पाडा. पहिल्यापेक्षा दुप्पट काम.

"डॉक्टर काय म्हणाले काल?" मेव्हणीनं आवाज खाली आणला.

"म्हणाले, जेवण तुटलंय."

"थांबेल ती तेवढं?"

मिस्त्री जिना उतरले. आर्किटेक्टला त्यांनी त्याच दुपारी निरोप दिला की पंधरा दिवस येणार नाही. तो रागावला, दुसरा माणूस बघतो म्हणाला. बघ म्हणाले. चाळीस वर्षांत हातातलं काम अर्धवट टाकायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही याचंच जरा आश्चर्य वाटलं.

या वेळी त्यांनी कोपर अंगाशी घेतलं नाही. उंची कशी धरायची याचा मात्र त्यांना काही केल्या उलगडा होईना. उभ्या माणसाची मापं त्यांच्या अंगात मुरलेली. आडव्या माणसाचं एकही माप त्यांना येत नव्हतं.

"दोरी घ्या," ती म्हणाली.

"कसली?"

"तुमच्याकडे ती लांब दोरी आहे ना, छपराची ओळ धरायची. एक टोक माझ्या डोळ्यापाशी. दुसरं तिकडं वळणावर. मधे छप्पर जिथं आडवं येतं, तिथं खिडकी."

मिस्त्री बघतच राहिले. चाळीस वर्षं या घरात सुतारकामाची अक्कल आपल्या एकट्याकडे आहे अशी त्यांची समजूत होती.

शुक्रवारी सकाळी गल्लीनं मजा बघितली. वळणावर दिव्याच्या खांबापाशी एक बाकडं होतं. त्याच्याजवळ मेव्हणी एका हातात दोरीचं टोक धरून, मिस्त्रींचं तोंड जेवढ्या उंचीवर येईल तेवढ्या उंचीवर हात ठेवून उभी. दोरी तिथून रस्त्यावरून तिरकी जाऊन छपराच्या भगदाडातून आत. आत तिचं दुसरं टोक बायकोच्या चष्म्याच्या काडीला बांधलेलं, कारण बोटांत तेवढा वेळ धरायची ताकद नव्हती. शिंपी दोरीखालून वाकून गेला आणि कपडे कुठं वाळत घालणार आहात, असं त्यानं विचारलं. मेव्हणीनं त्याला उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"टेकतेय अजून," बायको आतून म्हणायची. "कौलाला टेकतेय."

मिस्त्री एक कौल काढायचे. दोरी थोडी सैल व्हायची.

"अजून?"

"अजून."

आणखी एक कौल. कौलाखालची रीप कापली. आणखी एक. भगदाड खाली खाली जात राहिलं, गुडघ्याच्याही खाली गेलं. चाळीस वर्षांत त्यांनी इतक्या खाली कधी खिडकी घेतली नव्हती. त्यांचा हात सारखा वर जायला बघत होता. इथं पाणी उडेल, इथं माणूस अडखळेल, असं हात म्हणत होता. त्यांनी त्याचं ऐकलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. दोरी आता कशालाच टेकत नव्हती. तिच्या डोळ्यापासून मेव्हणीच्या मुठीपर्यंत सरळ गेली होती.

"दिसली का गं मी?" खालून मेव्हणी ओरडली.

"दिसलीस. केस विंचर," बायको म्हणाली. तिचा आवाज काही तिथपर्यंत गेला नाही. मिस्त्रींनी तो निरोप ओरडून पोचवला.

पुढचे अकरा दिवस मिस्त्रींना नीट आठवत नाहीत. वर ताडपत्री, खाली करवत. मधेच तिला दोन घोट पाणी. एके दिवशी ती दिवसभर डोळे उघडेना, तेव्हा ते पटाशी हातात घेऊन तासभर खाटेशी नुसते बसून राहिले. काम करावं तर आवाजानं ती दचकेल, न करावं तर दिवस जातोय. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "ठोकायचं का थांबलं?" मग त्यांनी ठोकलं. सहाव्या पायरीवर आता ते उभे राहत नसत, बसत. पोपड्याचं नाटक सुटलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी शेवटची काच बसली. त्यांनी पाणसळ लावली नाही, गुण्याही घातला नाही. डाव्या कोपऱ्यात चौकट जरा फाकलेली दिसत होती, चांगली दोन सूत. तशीच राहू दिली.

"मी खाली जाऊन येतो," ते म्हणाले. "तू बघ."

मेव्हणीनं तिच्या पाठीशी एक छोटी उशी सारली. मिस्त्री चौदा पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडून वळणापर्यंत गेले आणि वळणाच्या पलीकडे दिसेनासे झाले. मग मागं फिरून, रोज कामावरून येतात तसे, हत्यारांची पिशवी खांद्याला असल्यासारखा खांदा पाडून, ते वळणावर आले. वर बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं.

छपराच्या अगदी कडेला, पार खाली, एक बुटकी, बेंगरूळ खिडकी दिसत होती. असली खिडकी दुसऱ्या कुणी केली असती तर मिस्त्रींनी त्याला गल्लीत उभा करून झापला असता. आणि तिच्या काचेमागं उशीवर एक चेहरा होता. एवढ्या लांबून डोळे दिसत नव्हते, पण चष्मा चमकत होता आणि तो त्यांच्याकडेच वळलेला होता. मिस्त्रींनी हात वर केला. तिनं केला की नाही ते कळलं नाही, मेव्हणीनं मात्र तिच्या शेजारून टॉवेल हलवला.

मग ते बाकड्यावर बसले. जरा दम घेऊ आणि जाऊ, असं त्यांनी ठरवलं. ऊन मऊ होतं. ती आपल्याला बघतेय, आता काही सांगायला नको, उठायला नको, एवढं त्यांच्या मनात आलं आणि मान छातीवर गेली.

जागे झाले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. ते धडपडत उठले, घाईनं घर गाठलं आणि सहाव्या पायरीवरही न थांबता वर गेले. मेव्हणी परत जायच्या तयारीत होती. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि खाली उतरली.

बायकोनं मान वळवली नाही. खिडकीकडेच तोंड होतं. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता.

"पाऊण तास झोपलात," ती म्हणाली. "तोंड उघडं होतं. पोस्टमन तुमच्या पायांना वळसा घालून गेला. त्या कुत्र्यानं येऊन चप्पल हुंगली. लंगडत नाही आता."

"हाक मारायला सांगायचं होतंस कुणाला तरी."

"कशाला? वर्षभरात तुम्हाला झोपलेलं कुठं बघितलं मी? तुम्ही झोपता तेव्हा मी भिंतीकडे वळवलेली असते." ती थांबली. बोलताना आता तिला मधे मधे थांबायला लागायचं. "उद्या पण येताना बसा तिथं. घाई करू नका वर यायची."

"बसतो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं नाही. खाटेच्या कडेला, तिच्या पायांपाशी खाली बसले आणि गादीला डोकं टेकलं.

"फक्त जरा डावीकडे सरकून," ती म्हणाली. "खांब मधे येतो. तुमचा एक कान जातो."

"किती सरकू?"

तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. तो चादरीवरून फारसा उठला नाही, पण अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं, आणि दोघांच्या मधे उजेडाची एक बारीक फट राहिली.

"सूतभर," ती म्हणाली.